हाताला पेलेल असा मोजा

दिवाळीच्या साफसफाईत आत्याची लोखंडी पेटी उपसली, तेव्हा तळाशी एक खोका निघाला. आत कातडी रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा मोज्यांचा जोड. पुठ्ठ्याला गुंडाळलेला, जवळजवळ कोरा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘स्टॉकिंग्ज’, दुकानाच्या बिलावर ‘व्हेरिकोज सॉक्स’ आणि आत्याच्या तोंडी ‘ते टाईट मोजे’. तिच्या डाव्या पायाची घोट्यावरची कातडी आतल्या बाजूनं काळवंडली होती. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. “घातले का नाहीस गं?” असं विचारलं, तर तिनं दोन्ही हात पुढं केले. “चढतच नाहीत बघ. टाचेपाशी आले नि अडकले. अंगठ्यातून अशी कळ आली! मग ठेवले बांधून.”

ते हात निपाणीत तीसेक वर्षं विड्या वळत होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा. विडीची मजुरी हजारावर मोजतात, त्यामुळं मधे हात थांबवणं परवडत नाही. साठीला आली तेव्हा अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला होता, चिमटीतला जोर गेला होता. मोजे घेताना तिच्या पायाचं माप नीट घेतलं गेलं होतं. तिच्या हातांकडं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. घरच्यांनीही नाही, मीसुद्धा नाही.

म्हणून हे प्रकरण मी हातांपासून सुरू केलं आहे. पेटीत पडलेला मोजा कुठल्याच पायाची सूज उतरवत नाही. मोजा निवडायचा तो रोज सकाळी, शक्यतो दुसऱ्याची मदत न घेता, घालता येईल असा. दाब, कापड, किंमत यांचा विचार या एका कसोटीच्या पोटात येतो.

आमच्या सीमाभागात दिवसभर उभं राहून किंवा एका जागी बसून पोट भरणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूरकडं यंत्रमागांची खडखड सुरू झाली की विणकर दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाळी संपेपर्यंत उभा असतो. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉपमधले कामगार लेथपुढं उभे. निपाणीत तंबाखूच्या वखारी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडलं होतं, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. वखारीत राबणाऱ्या बायकाही त्याच काळात संघटित झाल्या आणि ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटानं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. मजुरीची, धुळीची, खोकल्याची गोष्ट अशी कधीतरी निघते. पायांची राहूनच जाते. शाळेतली बाई, बसमधला कंडक्टर, हॉटेलातला आचारी, कापडदुकानातला सेल्समन, सगळे संध्याकाळी एकच वाक्य बोलतात, “पाय भरून आलेत.” उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्याच शिरा फुगतात असं नाही. आईवडिलांकडून आलेली प्रकृती, बाळंतपणं, वजन, वय यांचाही त्यात हात असतो. पण ज्याला हा त्रास व्हायचाच आहे, त्याचा त्रास उभ्याचं काम वाढवतं.

आत काय घडतं ते विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. हृदय रक्त खाली पाठवतं. घोट्यापाशी पोचलेलं रक्त पुन्हा छातीपर्यंत चढवण्याचं काम मुख्यतः पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत ठिकठिकाणी झडपा असतात. पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं, तसं झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. हा पारा बीपी मोजताना धरतात तोच. चालायला लागलं की निरोगी पायात तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो नीट उतरतच नाही. मग पाणी कातडीखाली झिरपतं, तांबड्या पेशींतलं लोह तिथं साठून कातडी काळी पडते, खाज सुटते आणि एखाद्या दिवशी साधं खरचटलेलंही महिनोन् महिने भरत नाही.

बाहेरून दाब दिला तर हे आवरतं, ही समज जुनी आहे. पट्टे बांधण्याची रीत फार पूर्वीपासून होती आणि रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडल्यावर इंग्लंडमध्ये विल्यम ब्राऊन यानं १८४८ साली लवचीक मोज्याचं पेटंट घेतलं. पण आजच्या मोज्यामागची खरी कल्पना एका रुग्णाला सुचली. कॉनराड जॉब्स्ट हा मूळचा जर्मन, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडोत राहणारा अभियंता. त्याच्या स्वतःच्याच पायाच्या शिरा बिघडलेल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं त्यामागचं गणित शोधलं. पाण्यात दर फूटभर खोलीला दाब सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्यानं वाढतो. चार फूट पाण्यात उभं राहिलं तर घोट्यावर नव्वदीच्या घरात दाब पडतो, म्हणजे उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेत असतो जवळजवळ तेवढाच. वर गुडघ्याकडं तो आपोआप कमी होत जातो. वेदगंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ज्यानं म्हशी धुतल्या आहेत, त्याच्या पायांनी हा अनुभव घेतलेला असतो. जॉब्स्टनं १९५० च्या सुमारास तसाच मोजा तयार केला. घोट्यावर सगळ्यांत घट्ट, वर जाईल तसा सैल.

इथंच घालण्याच्या अडचणीचं मूळ आहे. मोजा घोट्यावर सगळ्यांत अरुंद आणि घट्ट असतो, आणि पावलाचा सगळ्यांत रुंद घेर असतो टाचेपासून वरच्या उंचवट्यापर्यंतचा. मोज्याचा सगळ्यांत चिंचोळा भाग पावलाच्या सगळ्यांत जाड भागावरून ओढून न्यावा लागतो. आत्याचा मोजा बरोबर तिथंच अडकला होता. घालायला सोपे म्हणून जे जे प्रकार मिळतात, ते सगळे या एका वळणावर काय करतात एवढं पाहिलं की निवड सोपी होते. एकतर तिथला दाब कमी करायचा, नाहीतर घर्षण कमी करायचं, नाहीतर ते वळणच टाळायचं.

पहिली गोष्ट दाबाची. पाकिटावर ‘क्लास २’ असं छापलेलं असतं आणि दुकानदार त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. पण हा ‘क्लास २’ देशागणिक बदलतो. जर्मन मोजणीत तो २३ ते ३२ मिलिमीटर, ब्रिटिश मोजणीत १८ ते २४, फ्रेंच मोजणीत १५ ते २०. अमेरिकी पद्धतीत सरळ आकडेच लिहितात, १५–२०, २०–३०, ३०–४०. आपल्याकडं सगळ्या पद्धतींचा माल येतो. तेव्हा क्लास बाजूला ठेवा आणि मिलिमीटरचा आकडा वाचा. पाकिटावर तो नसेल तर तो जोड घेऊ नका. संध्याकाळची सूज, जडपणा, फुगलेल्या शिरा यांना पुष्कळदा १५–२० किंवा २०–३० पुरतात. त्यावरचा दाब जखम झालेल्या किंवा बरी झालेली जखम पुन्हा उघडण्याचा धोका असलेल्या पायाला लागतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. दाबाची पायरी एकेक वर गेली की ओढायला लागणारा जोर चांगलाच वाढतो. डॉक्टरांनी ३०–४० लिहिला आणि हाताला २०–३० च्या वर पेलत नसेल, तर गप्प घरी बसू नका. परत जा आणि हात दाखवा. मनानं दाब कमी करू नका, पण न घालताही राहू नका. रुग्णाला रोज घालता येईल आणि सोसेल त्यातला जास्तीत जास्त दाब, हे सूत्र डॉक्टरही मानतात.

जास्त दाब हवाच असेल तर तो दोन हलक्या मोज्यांत वाटून घेता येतो. एकावर एक घातलेल्या दोन थरांचा दाब साधारण बेरजेनं वाढतो, पण ओढायचा प्रत्येक थर हलकाच राहतो. आतला थर गुळगुळीत असला की वरचा त्यावरून सरकतोही. ब्रिटनमध्ये शिरांच्या जखमा असलेल्या साडेचारशेहून जास्त रुग्णांवर दोन थरांचे मोजे आणि चार थरांचे पट्टे यांची तुलना झाली. ती २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. जखम भरायला दोन्हींत जवळजवळ सारखेच दिवस लागले. त्याच अभ्यासात मोज्यांच्या गटातल्या जास्त जणांनी मधेच उपचार बदलून घेतले, हेही सांगायला हवं. मोजा सगळ्यांनाच जमतो असं नाही.

लांबी हा दुसरा मुद्दा, आणि इथं फार वेळ घालवायला नको. बहुतेकांना गुडघ्याखालचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा मोजा घालायला अवघड, घसरणारा, उन्हाळ्यात नकोसा. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय तो घेऊ नये.

बोटं उघडी की झाकलेली, यावर मात्र आपल्याकडं नीट विचार व्हायला हवा. माझा कौल उघड्या बोटांच्या मोज्याला आहे. लग्न झालेल्या बाईच्या पायात जोडवी असतात. झाकलेल्या मोज्यात जोडवं टोचतं, धागा ओढून काढतं, आणि जोडवी काढायला सांगितली तर कितीतरी बायका मोजाच सोडतील. शिवाय आपल्याकडं पायात अंगठ्याची चप्पल. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, इतकी ती इथली आहे. झाकलेल्या मोज्यावर ती घालताच येत नाही. उघड्या बोटांत अंगठा मोकळा राहतो, बोटांचा रंग दिसतो, आणि खाली सांगितलेली कापडाची युक्ती याच मोज्यात नीट चालते. अडचण एकच. पावलाचा पुढचा भागच फार सुजत असेल तर मोज्याची कड बोटांच्या मुळाशी रुतते. तशा पायाला झाकलेला मोजा बरा.

कापडाबद्दल वडगावच्या विणकराला सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात धरून असतात, ते फारसं ताणत नाही. मोजा टाक्यांच्या विणीचा असतो आणि त्या टाक्यांतून एक वेगळा लवचीक धागा आडवा खेळवलेला असतो. दाब मुख्यतः तो धागा देतो. त्याच्यावर नायलॉनचं किंवा सुताचं वेष्टण असतं, आणि मोजा हाताला कसा लागतो हे बरंचसं त्या वेष्टणावर ठरतं. झिरझिरीत मोजा दिसायला छान, पण बोटांतून निसटतो आणि नखानं लगेच उसवतो. जरा जाड विणीचा मोजा हाताला धरवतो. दुखऱ्या बोटांसाठी मी जाड वीण निवडेन, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यासाठी त्यात सुताचा अंश पाहीन. ज्यांचा पाय खूप बेढब सुजलेला आहे, घोट्यापाशी वळ्या पडल्या आहेत, त्यांना गोल विणलेला तयार मोजा वळीत रुततो. त्यांच्यासाठी सपाट विणून मागं शिवण घातलेले, मापानं बनवलेले मोजे असतात.

वळणच टाळायचं असेल तर चेनचा मोजा किंवा पट्ट्यांचा लपेटा. चेनच्या मोज्याला घोट्याच्या बाजूनं वरपर्यंत चेन असते. टाच सहज आत जाते. पण चेन लावताना दोन्ही कडा एका हातानं जवळ धराव्या लागतात, म्हणजे चिमटीचा जोर लागतोच. चेनखाली कापडाची पट्टी नसेल तर कातडी चिमटते, आणि घोट्याच्या हाडावर किंवा जखमेवर चेन येऊन चालत नाही. लपेट्यात पोटरीभोवती रुंद पट्टे असतात, वेल्क्रोनं एकेक लावायचे. खालून वर, सारख्या ताणानं. सूज उतरली की पट्टा थोडा आवळायचा. संधिवाताच्या हातांना, लठ्ठ माणसाला, कमरेत वाकता न येणाऱ्याला याहून सोपं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तो महाग असतो आणि पँटच्या आत फुगलेला दिसतो. साडीखाली दिसत नाही.

एक मोजा मात्र या कामाला धरू नका. ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेले पांढरे मोजे घरात पडून असतात, आणि कुणीतरी म्हणतं, हेच घाल की. ते अंथरुणावर पडून असलेल्या माणसाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून असतात. हिंडत्याफिरत्या माणसाच्या शिरांसाठी ते बनवलेलेच नाहीत.

आता ज्याच्यासाठी वाचकाला इथं थांबवायचं आहे ते. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखूनं शिरांपेक्षा रोहिण्यांची, म्हणजे रक्त खाली नेणाऱ्या नळ्यांची, नासाडी जास्त होते. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर यानं वर्णन केलेला रोग आपल्याकडं विडी ओढणाऱ्या तरण्या पुरुषांत डॉक्टरांना वारंवार दिसतो. हातापायांच्या रोहिण्या आतून बंद होत जातात आणि बोटं काळी पडतात. अशा पायाला मुळातच रक्त कमी पोचतं. त्याला वरून घट्ट मोजा घातला तर राहिलेलं रक्तही अडतं. पाय दुखतो म्हणून शेजाऱ्याचं पाहून मोजे आणणं इथं बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकतं.

फरक घरीही थोडाफार ओळखता येतो. शिरांचं दुखणं दिवसभर वाढत जातं आणि पाय उशीवर उंच ठेवला की बरं वाटतं. रोहिणीचं दुखणं ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा आणतं आणि थांबलं की जातं. रोग वाढला की ते रात्री झोपू देत नाही, आणि माणूस पाय खाटेखाली लोंबता सोडतो तेव्हा त्याला जरा आराम पडतो. पाऊल गार लागतं. अशी लक्षणं असतील, विडी-सिगारेटची सवय असेल किंवा मधुमेह असेल, तर मोज्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्यानं भागायचा. ०.९ ते १.३ आलं तर ठीक. ०.८ च्या खाली आलं तर दाब डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि कमी. ०.५ च्या खाली असेल तर मोजा बंद. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्यानं हा आकडा खोटा चांगला येतो, शिवाय पाय बधिर असेल तर मोज्याची सुरकुती रुतलेली कळत नाही. तेव्हा मधुमेहींनी जास्त जपावं. ही तपासणी बेळगाव, कोल्हापूर, मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत होते. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आपल्या भागाला मिरजेची वाट पाठ आहे. या कामासाठी तरी ती जरूर धरावी.

आणि एकच पाय अचानक सुजला, तापला, दुखायला लागला, तर मोजे शोधत बसू नका. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरोबर दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासाभराचाही उशीर नको.

माप सकाळी घ्यायचं, पाय सुजण्याआधी. घोट्याच्या हाडाच्या जरा वर जिथं पाय सगळ्यांत बारीक आहे तिथला घेर, पोटरीचा सगळ्यांत मोठा घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीच्या खालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचं वेगवेगळं. कंपनीगणिक मापांचे तक्ते वेगळे असतात, त्यामुळं ‘मला मीडियम बसतो’ हे वाक्य दुसऱ्या कंपनीपुढं चालत नाही. मोज्याचा वरचा काठ गुडघ्यामागच्या घडीपासून दोन बोटं खाली थांबला पाहिजे. आपण मांडी घालून बसतो. काठ घडीत गेला की बसल्यावर तो वळतो आणि दोरीसारखा रुततो. लांब झाला म्हणून वरून दुमडायचाही नाही. दुमडलं की तिथं दोन थर, म्हणजे जवळजवळ दुप्पट दाब, आणि तोही नको त्या जागी.

घालण्याची रीत आत्याला शिकवताना मीही शिकलो. तिला डॉक्टरांकडं परत नेलं, त्यांनी हात पाहिले आणि ३०–४० चा मोजा बदलून २०–३० चा, उघड्या बोटांचा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठून चहाच्या आधीच खुर्चीत बसली, पाय बुटक्या स्टुलावर. तिच्याच एका जुन्या सिंथेटिक साडीच्या तुकड्याची छोटी पिशवी शिवली होती. ती पावलावर चढवली, टाच झाकेपर्यंत. मग मोजा उलटा केला, टाचेपर्यंतच, म्हणजे पावलाचा भाग आत खिशासारखा राहिला. त्यात पाऊल सरकवलं. गुळगुळीत कापडावरून मोजा टाचेवरून उतरला. याच जागी आधी तो अडकला होता. टाच टाचेच्या घरात नीट बसल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. मग तिनं हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले.

त्या हातमोज्यांनी सगळं काम केलं. आत्याच्या चिमटीत जोर नव्हता, पण तळव्यांत होता. रबराच्या खरबरीत तळव्यांनी तिनं मोजा थोडा थोडा वर सारत नेला, भाकरी थापावी तसा सगळीकडून सारखा, वरचा काठ न ओढता. काठ धरून ओढला की कापड वर गोळा होतं, खाली ताण पडतो आणि नखानं छिद्र पडतं. शेवटी बोटांच्या उघड्या जागेतून साडीचा तुकडा ओढून काढला. पहिल्या दिवशी एका पायाला दहा मिनिटं लागली. आठवड्यानं तिला चार मिनिटंही लागेनात. साडीचा तुकडा नसेल तर पातळ प्लास्टिकची पिशवी चालते. याच कामासाठी बाजारात घसरती पिशवी आणि लोखंडी तारेचा स्टँडही मिळतो. वाकता न येणाऱ्याला स्टँडचा मोठा आधार होतो, कारण मोजा त्यावर आधी ताणून ठेवता येतो आणि पाऊल वरून घालायचं असतं.

अंघोळीचा मात्र घोळ होतो. आपल्याकडं सकाळी अंघोळ झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि ओल्या पायावर मोजा चढत नाही. अंघोळ संध्याकाळी करा. नाहीच जमलं तर अंघोळीनंतर पाय कोरडे पुसा, पंधरा मिनिटं पाय उंच ठेवून पडा, थोडी पावडर लावा आणि मग घाला. तेल किंवा मलम रात्री लावायचं, सकाळी नाही. रात्री झोपताना मोजे काढायचे. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं.

मोजा रोज साध्या साबणानं हातानं धुवावा, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावा. त्याला इस्त्री लावायची नाही. रोज धुवायचा म्हणून दोन जोड लागतात. रोज वापरला तर साधारण सहा महिन्यांत लवचीक धागा थकतो. मोजा एकदम सहज चढायला लागला, तर हात सुधारले असं समजू नका, मोजा संपला आहे.

घेताना दुकानात स्टूल मागून घ्या आणि तिथंच, स्वतःच्या हातांनी एक पाय घालून पाहा. दुकानदार नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. घातल्यावर बोटं हलवा, चार पावलं चाला, खाली मांडी घालून बसा. आणि मग तो काढूनही पाहा, कारण रात्री दमलेल्या हातांना तोच मोजा काढायचा असतो.